दोन झेर्मँ दुसे

१६ ऑगस्ट १६५४ रोजी पोर्ट रॉयलच्या किल्ल्याच्या शरणागतीची कलमे लिहून पुरी झाली. जिंकणारा बोस्टनहून आलेला इंग्रज सेनानी रॉबर्ट सेजविक. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात त्या वेळी युद्ध पुकारलेले नव्हते. सेजविक निघाला होता डचांच्या न्यू नेदरलँडवर. मध्येच तह झाल्याने ते काम राहिले, आणि हाताशी असलेली जहाजे व शिपाई वाया जाऊ नयेत म्हणून तो फ्रेंचांच्या अकादीवर वळला. हरलेल्या बाजूने सही करणारा किल्लेदार होता झेर्मँ दुसे, स्यूर द ला व्हर्द्यूर. कलमे तशी उदार होती. शिबंदीने शस्त्रांनिशी बाहेर पडून फ्रान्सला जावे. रयतेला राहायचे असेल तर तिने घरदार, गुरे आणि धर्म सांभाळून राहावे. करार पाळला जाईल याची हमी म्हणून किल्लेदाराने आपला आप्त जाक बूर्ज्वा याला ओलीस ठेवले. त्यानंतर अकादीच्या कागदपत्रांत या वृद्ध शिपायाचा मागमूस राहत नाही.

सतरा वर्षांनी, १६७१ मध्ये, त्याच पोर्ट रॉयलची खानेसुमारी झाली. तीत एक नोंद आहे : झेर्मँ दुसे, शेतकरी, वय ३०, बायको मारी लँड्री, वय २४, मुलगे तीन, गुरे ११, मेंढ्या ७, लागवडीची जमीन ३ आर्पां. (आर्पां म्हणजे एकराहून थोडे कमी.) नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. साडेतीनशे वर्षांत या माणसाच्या वंशाचा विस्तार क्विबेकपासून लुइझियानापर्यंत झाला, आणि त्याच्या वंशजांनी वंशवृक्ष काढताना पहिल्या झेर्मँच्या खाली दुसरा झेर्मँ मुलगा म्हणून लिहिला. त्यांच्या जागी आपणही तेच केले असते. हे दोघे खरोखर एकमेकांचे कोण, हा प्रश्न आम्हांला येथे तपासायचा आहे. त्याचे उत्तर कागदांनी दिलेले नाही, आणि विज्ञानाने जे दिले ते कोणाच्याही अपेक्षेतले नव्हते.

अकादी, इंग्रजीत अकेडिया, म्हणजे आजच्या कॅनडाचे नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड बेट हे प्रांत व त्यांच्या कडेचा मेन राज्याचा किनारा. फ्रेंचांनी १६०४ मध्ये येथे पहिले पाऊल ठेवले, १६०५ मध्ये पोर्ट रॉयल वसवले, आणि १६१३ मध्ये व्हर्जिनियाच्या इंग्रजांनी ते जाळले. खरी वसाहत सुरू झाली ती १६३२ च्या सां-झेर्मँ-आँ-ले येथील तहानंतर, इझाक द राझिली हा सुमारे तीनशे माणसे घेऊन ला एव्ह येथे उतरला तेव्हा. राझिलीच्या मृत्यूनंतर त्याचा आप्त शार्ल द मनू दोल्ने याने मुक्काम पोर्ट रॉयलला हलवला आणि १६३६ पासून कुटुंबे येऊ लागली. व्यापारासाठी आलेले परत जातात, बायकामुले घेऊन आलेले राहतात. हा फरक आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या लोकांनी जंगल तोडले नाही. फंडीच्या आखाताला येणारी भरती जगात सर्वांत मोठी, आखाताच्या टोकाला ती १६ मीटरपर्यंत चढते. त्या भरतीखाली बुडणारी खारवट गवताळ जमीन त्यांनी मातीचे बांध घालून समुद्राकडून काढून घेतली. बांधाच्या पोटात लाकडी नळ आणि त्यात एकाच बाजूला उघडणारी झडप असे; ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाई, भरतीला झडप आपोआप बंद होई. दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन गेले की त्या जमिनीत गहू उभा राही. गोव्यातील आमच्या वाचकांना खाजणे, त्यांचे बांध आणि मानशी आठवल्यावाचून राहणार नाहीत. १६७१ च्या नोंदीतील ती ३ आर्पां जमीन अशा कष्टाची असावी, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.

आता कागदांकडे वळू. अकादी घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यापुढे पहिली अडचण अशी की, पहिल्या दोन पिढ्यांच्या चर्चमधील जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्या जवळजवळ नाहीतच. पोर्ट रॉयलच्या सलग वह्या १७०२ पासून पुढच्या मिळतात. ग्रां-प्रे गावच्या १७०७ ते १७४८ मधील वह्यांची कथा तर विलक्षण आहे. १७५५ मध्ये इंग्रजांनी गाव उठवले तेव्हा लोकांनी त्या बरोबर घेतल्या, मेरीलँडच्या हद्दपारीत सांभाळल्या आणि तेथून लुइझियानात नेल्या; आज त्या बॅटन रूजच्या धर्मपीठाच्या दप्तरात आहेत. घर सोडताना माणूस काय उचलतो, याचा हा एक दाखला. पण या वह्याही आमच्या प्रश्नाला उपयोगी नाहीत, कारण धाकट्या झेर्मँचा जन्म हिशेबाने १६४१ च्या आसपासचा येतो.

म्हणून सारी भिस्त १६७१ च्या खानेसुमारीवर. ती घेतली लोराँ मोलँ नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने. एकूण माणसे सुमारे चारशे. हा दस्तऐवज सरकारी असला तरी मोठा बोलका आहे. पिएर लानू नावाच्या पिंपे करणाऱ्या कारागिराला वय विचारले, तर त्याने आपली प्रकृती ठणठणीत असल्याचे सांगितले आणि वय सांगण्याचे नाकारले. एतिएन रोबिशो पाद्र्याला पाहून घराबाहेर निघून गेला आणि गुरांचा व जमिनीचा हिशेब देणार नाही असा निरोप बायकोकडे ठेवून गेला. पिएर मेलान्सों या शिंप्याच्या बायकोने तर असल्या गोष्टी विचारत गल्लीबोळ हिंडायला तुम्हांला वेड लागले आहे काय, असे पाद्र्यालाच सुनावले. मोलँने हे सारे प्रामाणिकपणे टिपून ठेवले, याबद्दल त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. कर आला म्हणजे माणूस आधी आपले वय विसरतो आणि मग आपली गुरे, हा नियम अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर सारखाच दिसतो.

या खानेसुमारीत आणखी एक दुसे आहे : पिएर, गवंडी, वय ५०, बायको आँरिएत पेल्त्रे, वय ३१. तिसरी मार्गरीत दुसे, आब्राम द्युगा या शस्त्रे घडवणाऱ्या कारागिराची बायको. वयांवरून पिएर आणि मार्गरीत ही किल्लेदार झेर्मँची, तो फ्रान्सहून येण्यापूर्वी झालेली मुले असावीत असे अभ्यासक मानीत आले. धाकटा झेर्मँ मात्र पिएरहून वीस वर्षांनी लहान. तेव्हा तो दुसऱ्या लग्नाचा मुलगा असावा, असा तर्क झाला. त्याला दोन गोष्टींनी बळ दिले. एक तर नाव. दुसरे म्हणजे विवाहसंबंध : पिएरची बायको आँरिएत आणि झेर्मँची बायको मारी या पेरिन बूर हिच्या दोन नवऱ्यांपासून झालेल्या मुली, म्हणजे एकाच आईच्या पोटच्या बहिणी. दोन भावांनी दोन बहिणी केल्या, असे हे चित्र इतके स्वाभाविक दिसते की त्यावर शंका घेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. प्लासिद गोदे यांच्यासारख्या जुन्या पिढीच्या संशोधकांपासून बोना आर्सेनो यांच्या १९६५ च्या ग्रंथापर्यंत अकादी घराण्यांचे जे मोठे काम झाले, त्यातून अशाच जोडण्यांनी घराण्यांचे सांगाडे उभे राहिले. मोंक्तों विद्यापीठातील स्टीफन व्हाइट यांनी १९९९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेला १६३६ ते १७१४ या काळातील घराण्यांचा कोश आजही या विषयातला प्रमाणग्रंथ आहे. त्यांनी प्रत्येक जोडणीचा पुरावा मागण्याची शिस्त घालून दिली.

येथे भाषेचा एक मुद्दा सांगण्याचा मोह आवरत नाही. शरणागतीच्या कागदात ओलीस राहिलेल्या जाक बूर्ज्वाला किल्लेदाराचा ‘बो-फ्रेर’ म्हटले आहे. या एका फ्रेंच शब्दात बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा आणि साडू असे तिन्ही मावतात. किल्लेदाराची दुसरी बायको कोण, धाकट्या झेर्मँची आई कोण, हा प्रश्न अभ्यासकांना इतकी वर्षे छळतो आहे. आणि तो कागद मराठीत लिहिला असता तर मेहुणा की साडू एवढ्या एका शब्दाने अर्धा उलगडा झाला असता. आपली नातेवाचके ही नुसती भाषेची श्रीमंती नव्हे, तो पुरावाही आहे. नव्या पिढीने सर्वांना ‘अंकल’ करून टाकले आहे, त्यांनी पुढील संशोधकांची थोडी तरी दया करावी.

२००० सालानंतर वंशशोधनात एक नवे साधन आले. पुरुषाच्या शरीरातील वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्यात क्वचित होणारे बारीक फेरबदल पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. म्हणजे युरोपीय चालीत आडनाव ज्या वाटेने उतरते त्याच वाटेने हे गुणसूत्र उतरते. एका पूर्वजाच्या दोन वेगवेगळ्या मुलांच्या आजच्या पुरुष वंशजांची गुणसूत्रे जुळली, तर मधल्या साऱ्या पिढ्या वगळून आपण थेट त्या पूर्वजाची मोहोर पाहतो. दुसे घराण्यातील मंडळींनी अशा चाचण्या करून घेतल्या. पिएरच्या वंशजांची मोहोर आर-१बी या गटाची निघाली. पश्चिम युरोपात तो सर्वत्र आढळतो, त्यात नवल नव्हते. धाकट्या झेर्मँच्या वंशजांची मोहोर निघाली सी-३बी या गटाची, ज्याला पुढे सी-पी३९ असे नाव मिळाले. हा गट उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा आहे. फ्रान्समधून आलेल्या शिपायाच्या वंशात तो येण्याचे काही कारण नाही.

मध्येच कोठेतरी घोटाळा झाला असेल, ही पहिली शंका. पण एकाहून अधिक शाखांत तीच मोहोर सापडल्यावर ती शंका मागे पडते. मोहोर खुद्द १६७१ च्या त्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचते. तात्पर्य, झेर्मँ दुसे धाकटा हा झेर्मँ दुसे थोरल्याचा औरस पुत्र नव्हता. त्याचा जनक मूळ रहिवासी जमातीतला होता.

मग त्याला हे नाव कसे मिळाले? येथे पुरावा संपतो आणि तर्क सुरू होतो. पण तर्काला काळाची चौकट आहे, म्हणून तो पोकळ नाही. अकादीत बाप्तिस्म्याबरोबर धर्मपित्याचे किंवा प्रतिष्ठित माणसाचे नाव देण्याची रीत आरंभापासून होती. २४ जून १६१० रोजी पोर्ट रॉयलला मिकमॅक जमातीचा वृद्ध मुखिया मेंबर्तू आणि त्याच्या घरची मंडळी अशा एकवीस जणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्याला फ्रान्सच्या राजाचे नाव दिले, ऑन्री. राजाचा महिन्यापूर्वीच खून झाला होता, पण ती बातमी अजून समुद्र ओलांडून आलेली नव्हती. बाकीच्यांनाही राजघराण्यातील नावे वाटली गेली. तेव्हा तीस वर्षांनी एखाद्या मुलाला किल्ल्यातील अधिकाऱ्याचे नाव मिळणे यात काही अपूर्व नाही. शिवाय १६४० च्या दशकात पोर्ट रॉयलला कापुचिन पाद्र्यांची शाळा होती आणि तीत फ्रेंच मुलांबरोबर मिकमॅक मुलेही राहत व शिकत. पोरके मूल, किल्लेदाराचे धर्मपुत्रत्व, मग त्याच्याच घरी वाढणे, असा क्रम सहज संभवतो.

दुसरी शक्यता अशी की, मूल किल्लेदाराच्या एखाद्या मुलीचे आणि त्याचा बाप मूळ रहिवासी. आजोबाने नातवाला आपले नाव दिले आणि मुलगा म्हणून वाढवले. आपल्या धर्मशास्त्रात याला पुत्रिकापुत्र म्हणतात आणि त्याला वारसाचा अधिकार आहे. असे असेल तर धाकट्यात थोरल्याचे रक्त आहे, फक्त ते वाय गुणसूत्राच्या वाटेने आलेले नाही, म्हणून चाचणीला दिसत नाही. तिसरी शक्यता दुसऱ्या बायकोच्या बाजूची, तिच्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. असल्या प्रकरणी चारशे वर्षांपूर्वीच्या बाईवर ठपका ठेवणे फार सोपे असते.

मूल मिकमॅक होते असे सरसकट लिहिले जाते. तेही थोडे जपून घ्यावे. थोरला झेर्मँ १६४० च्या सुमारास पेंतागुएत येथील किल्ल्यावर, आजच्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, शस्त्राधिकारी होता, आणि तो मुलूख अबेनाकी लोकांचा. गुणसूत्र खंड सांगते, जमात सांगत नाही.

आम्हांला स्वतःला दत्तकाचा किंवा धर्मपुत्राचा पर्याय अधिक पटतो. याचे कारण समाजाने त्याला दिलेली वागणूक. १६७१ च्या नोंदीत त्याच्या नावापुढे कोणतीही खूण नाही. लँड्रीसारख्या भरल्या घरची मुलगी त्याला दिली गेली. आणि पिएरच्या मेव्हणीशीच त्याचे लग्न झाले, म्हणजे पिएरने त्याला भाऊ मानले असले पाहिजे. वडोदरा, ग्वाल्हेर, इंदूर येथील वाचकांना दत्तकाने घराणे कसे चालते हे सांगणे म्हणजे काशीकराला गंगा दाखवणे होय. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून आला. ग्वाल्हेरला जनकोजीराव व त्यांच्यामागून जयाजीराव असे ओळीने दोन दत्तक झाले. आपल्या कुलवृत्तांतांत दत्तकाची नोंद उघडपणे होते, मूळ घर कोणते तेही लिहितात. अकादीत तशी नोंद करणारा कोणी नव्हता, किंवा तशी नोंद करण्याची गरज कोणाला वाटली नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, चारशे वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याचा बाप कोण याने आज काय बिघडते? कॅनडात ते बरेच बिघडते. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पॉली खटल्यात मेटिस, म्हणजे मूळ रहिवासी व युरोपीय यांच्या संयोगातून घडलेल्या समाजाचे हक्क मान्य केले. त्यानंतर नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक व क्विबेक येथे अशा समाजाचे आपण घटक आहोत असे सांगणारे लोक झपाट्याने वाढले. कित्येकांचा आधार सतराव्या शतकातील एखादा पूर्वज किंवा पूर्वजा, एवढाच. मिकमॅक समाजाने याला विरोध केला आहे आणि तो आम्हांला रास्त वाटतो. दहाव्या पिढीवर प्रत्येक माणसाला १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. शिवाय न्यायालयाने केवळ वंश पुरेसा मानलेला नाही. आजच्या समाजाने त्या व्यक्तीला आपले मानणे हीही अट आहे. झेर्मँ दुसेचा जनक मूळ रहिवासी होता म्हणून त्याचे आजचे लक्षावधी वंशज मिकमॅक होत नाहीत, जसा तो स्वतः त्या जनकामुळे अकादी व्हायचा राहिला नाही.

विज्ञान एकाच बाजूने बोलते असेही नाही. झाँ ब्लांशारची बायको रादगोंद लँबेर ही मूळ रहिवासी होती अशी समजूत अनेक घराण्यांत दृढ होती. आईकडून मुलीकडे जाणाऱ्या तंतुकणिकेच्या चाचणीत प्रथम एक्स हा गट निघाला, आणि तो अमेरिकेतही आढळत असल्याने समजूत खरी ठरल्यासारखे वाटले. पुढे पूर्ण तपासणी झाली तेव्हा तिची शाखा युरोपातली निघाली. एका घराने ज्याची कल्पनाही केली नव्हती ते सापडले, दुसऱ्याने जे जपले होते ते गेले.

धाकट्या झेर्मँच्या नातवंडा-पतवंडांवर १७५५ मध्ये जे ओढवले ते साऱ्याच अकादींवर ओढवले. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने मुलूख इंग्रजांकडे गेला होता. बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्यावर गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स याने २८ जुलै १७५५ रोजी हद्दपारीचा निर्णय केला. पोर्ट रॉयलचे लोक ८ डिसेंबरला जहाजांवर चढवले गेले, १,६६४ माणसे. त्यांपैकी ‘पेंब्रोक’ नावाचे एक जहाज प्रवाशांनीच ताब्यात घेऊन सेंट जॉन नदीत वळवले, बाकीची इंग्रजी वसाहतींत गावोगाव वाटली गेली. दुसे कोठे कोठे पांगले, कोणी ‘दुसेत’ झाले, ल ब्लां घराण्यातील काहींचे तर सरळ भाषांतर होऊन ‘व्हाइट’ झाले. पुष्कळजण पुढे पायी, होड्यांनी परतले; पण त्यांच्या बांधांमागच्या शेतांवर तोवर न्यू इंग्लंडचे कुणबी आणून बसवलेले होते, म्हणून नोव्हा स्कोशियाच्या पश्चिम टोकाला सेंट मेरीच्या उपसागराकाठी खडकाळ किनाऱ्यावर त्यांनी नव्याने वस्ती केली. दुसे आडनावाची घरे तेथे आजही आहेत.

कागदांतली एक बारीक नोंद सांगून हा लेख पुरा करतो. १६७१ च्या खानेसुमारीत धाकट्या झेर्मँचा दुसरा मुलगा बेर्नार चार वर्षांचा आहे. हा मुलगा मोठा होऊन माद्लेन कोर्पोरों हिच्याशी विवाहबद्ध झाला. गावात दुसे पुष्कळ झाल्यामुळे ओळखीसाठी प्रत्येकाला जोडनाव लागे. बेर्नारचे जोडनाव होते ‘लाव्हर्द्यूर’.